विहीर एकाची, नाला गावाचा

वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याने बदलत्या हवामानाशी आपल्या परीने जुळवून घेण्यास केव्हाच सुरुवात केली आहे. शासनाच्या योजनाही एकामागून एक येत आहेत. परंतु या दोहोंच्या मधले जे काम आहे, त्याला आज कोणी धनी उरलेला नाही.

२०१८ चा पावसाळा अपुरा गेला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात विदर्भातील अनेक धरणांनी तळ गाठला. वर्ध्याशेजारच्या नागपूर शहरावर भर जुलैत पाणीकपातीची पाळी आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मात्र अवकाळी पाऊस असा कोसळला की, राज्यभर सोंगून ठेवलेले सोयाबीन शेतातच कुजले. पुढे जुलै २०२२ मध्ये वणा नदीला पूर आला, हिंगणघाटच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि नदी-नाल्यांकाठची कितीतरी जमीन खरडून गेली. कोरड आणि पूर यांच्यातले अंतर पूर्वी दशकांनी मोजले जात असे. आता ते तीन-चार वर्षांवर, कधी कधी तर एकाच हंगामावर आले आहे. वर्षाच्या पावसाची सरासरी फारशी बदललेली दिसत नाही, पण तो पडण्याची रीत बदलली आहे. लांबलेला खंड आणि त्यानंतर थोड्या तासांत पडणारा मोठा पाऊस हे खरिपाचे नवे रूप आहे, आणि कापूस, सोयाबीन व तूर या तीन पिकांवर उभ्या असलेल्या या जिल्ह्याला त्याच रूपाशी गाठ घालायची आहे.

हवामानबदल खरा की खोटा, ही चर्चा वर्धा, देवळी किंवा आर्वीच्या शिवारात आता कोणी करत नाही. तेथे प्रश्न वेगळा आहे. त्याच्याशी जुळवून घेण्याचा खर्च कोणी करायचा, आणि केलेला खर्च नेमका कोणाच्या कामी येतो?

शेतकऱ्याने काय केले?

शेतकऱ्याने कोणाच्या आदेशाची वाट पाहिली नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत विदर्भात ज्वारी मागे पडून सोयाबीन आले, त्यामागे बाजारभाव होता, तेलगिरण्यांची मागणी होती आणि रानडुकरांचा उपद्रवही होता. त्याबरोबर एक हिशेबही होता. शंभर-एकशेदहा दिवसांत हाती येणारे पीक लहरी पावसाच्या तावडीतून लवकर सुटते, असा तो हिशेब होता. सोयाबीनमध्ये किंवा कपाशीत तुरीची तासे टाकण्याची पद्धत तर एक पीक गेले तरी दुसरे राहावे, या जुन्या शहाणपणाचीच खूण आहे. ज्यांना शक्य झाले त्यांनी विहीर खोदली, विहिरीतच बोअर घेतले, तुषार संच आणले. काहींनी रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरणी सुरू केली. तिच्यामुळे खंडाच्या काळात ओल टिकते आणि अतिपावसात सरीतून पाणी निघून जाते. कारंजा व आष्टी तालुक्यांतील संत्राबागायतदार बाग जगवण्यासाठी खोल पाण्याचा शोध घेत राहिले.

हे सारे खासगी उपाय आहेत. त्यांत बुद्धी आहे, धडपड आहे, आणि सरकारी आकडेवारीत क्वचितच दिसणारी मोठी गुंतवणूकही आहे. ही गुंतवणूक बहुधा कर्जातून झालेली असते. बँकेचे पीककर्ज पेरणीला पुरते, बोअरला पुरत नाही. त्यामुळे बोअरसाठी सावकार किंवा कृषी केंद्राची उधारी आली. म्हणजे निसर्गाची जोखीम कमी करण्यासाठी शेतकऱ्याने पैशाची जोखीम वाढवून घेतली. पाणी लागले तर बरे, नाही लागले तर दुष्काळ आणि कर्ज दोन्ही एकाच घरात मुक्कामाला येतात.

शिवाय प्रत्येक उपायाची एक उलटी बाजू असते. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा गेला तशी गोठ्यातली जनावरे घटली. आर्वी, आष्टी, कारंजा हा उन्हाळा सोसणाऱ्या गौळाऊ गोवंशाचा मूळ टापू, पण तेथेही दावणी ओस पडल्या. जनावरांबरोबर शेणखत कमी झाले आणि खत कमी झाले तशी जमिनीची ओल धरण्याची ताकदही उणावली. पावसाच्या भीतीने निवडलेले सोयाबीन नेमके परतीच्या पावसात काढणीला येते. २०१९ मध्ये तेच घडले. २०२३ मध्ये विदर्भात पिवळ्या मोझॅकने आणि बुरशीजन्य रोगांनी सोयाबीन पिवळे पडले, तेव्हा एका पिकावर सारा जिल्हा टेकवण्याची किंमत पुन्हा कळली. कपाशीचा अनुभवही वेगळा नाही. २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाली, बोंडअळीवरचा खर्च काही वर्षे कमी झाला आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने तो भरवसा मोडून काढला.

एकाचा उपाय, दुसऱ्याचा अपाय

खासगी उपायांची खरी मर्यादा मात्र निराळी आहे. शेताची हद्द सातबाऱ्यावर असते, पण पाण्याला ती ठाऊक नसते. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकातील भेगांत. हा साठा उथळ आणि मर्यादित असतो. एका शेतकऱ्याने दोनशे फुटांवर पाणी गाठले की शेजाऱ्याची चाळीस फुटांची विहीर मार्चऐवजी जानेवारीत कोरडी पडू शकते. मग शेजारीही बोअर घेतो. दोघांचाही खर्च वाढतो, पाणी मात्र तेवढेच राहते.

पुराच्या बाबतीतही तीच गत आहे. काळ्या भारी जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो. चार दिवस पाणी साचले की जमीन चिभडते आणि पऱ्हाटी पिवळी पडते. ज्याला ऐपत आहे तो आपला धुरा उंच करतो, चर काढून पाणी बाहेर लोटतो. ते पाणी खालच्या शेतात जाते. गाळ, झुडपे आणि अतिक्रमणांनी नाला अरुंद झालेला असेल तर सर्वांत खालच्या शेताची माती पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते. हे खालचे शेत बहुधा सर्वांत गरीब कुटुंबाचे असते, हा योगायोग नव्हे. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाने २०२२ च्या अहवालात ज्या चुकीच्या अनुकूलनाचा इशारा दिला, ते वर्ध्याच्या शिवारात धुऱ्याधुऱ्यावर पाहायला मिळते.

यावर कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ मध्ये लागू झाला. शेती व उद्योगासाठी साठ मीटरपेक्षा खोल विंधन विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. पण रात्रीतून गावात येणारी बोअरची गाडी हा कायदा वाचून येत नाही, आणि ती अडवण्याचा अधिकार व बळ गावपातळीवर कोणाकडेही नाही.

शासनाचा पैसा कोठे गेला?

आता सार्वजनिक उपायांकडे पाहू. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ च्या पावसाळ्याच्या तोंडावर तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले. वर्धा जिल्ह्यातील वायफड या गावाला त्यांनी भेट दिली आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम सिंचन प्रकल्पांसाठी होती. ‘हवामान अनुकूलन’ हा शब्द तेव्हा सरकारी कागदांत रुळलेला नव्हता, तरी कोरडवाहू शेतीला पाण्याची हमी देणे हाच त्याचा अर्थ होता. चार दशकांपूर्वी मंजूर झालेल्या निम्न वर्धा प्रकल्पाचा खर्च दरम्यान कित्येक पटींनी वाढला. धरणात पाणी अडले, पण ते शेताच्या बांधापर्यंत पोहोचवणारी वितरिका हा दरवेळी पुढच्या वर्षाचा विषय राहिला.

मोठ्या धरणांचा हा अनुभव पाहता डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले. गावातच पाणी अडवण्याचा त्याचा हेतू योग्य होता. मात्र जेथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम व्हायला हवे होते, तेथे पोकलेनने नाला खोल करण्यावर भर राहिला. यंत्राचे काम लवकर दिसते आणि त्याचे मोजमापही सोपे असते. प्रा. एच. एम. देसरडा यांनी या पद्धतीला न्यायालयात आव्हान दिले, त्यानंतर जॉनी जोसेफ समिती नेमली गेली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात, सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजलपातळीवर अपेक्षित परिणाम दिसला नाही, असा निष्कर्ष काढला. झालेल्या कामांच्या देखभालीच्या उणिवांवरही त्यात बोट ठेवले होते.

हवामानबदल हे नाव घेऊन आलेली पहिली मोठी योजना म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, अर्थात ‘पोकरा’. जागतिक बँकेच्या कर्जावर २०१८ पासून राबवलेल्या सुमारे ४,००० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावे होती आणि त्यांत वर्धा जिल्ह्यातील गावांचाही समावेश होता. या प्रकल्पाने काही गोष्टी निश्चितच चांगल्या केल्या. गावाचे सूक्ष्म नियोजन झाले. आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार झाली. ग्राम कृषी संजीवनी समिती स्थापन झाली आणि अनुदान थेट खात्यात जाऊ लागले. प्रकल्पाचा पहिला टप्पा २०२४ मध्ये संपला असून दुसऱ्या टप्प्यासाठी २१ जिल्हे निश्चित झाले आहेत.

परंतु लाभाची रीत पाहिली की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तुषार संच, ठिबक, विहीर, पंप किंवा यंत्र यांसाठी शेतकऱ्याने आधी स्वतः खर्च करायचा, तपासणी झाल्यावर अनुदान खात्यात येणार. गैरव्यवहार रोखण्यासाठी ही रीत योग्यच म्हणावी लागेल. पण ज्याच्याकडे आधी खर्च करायला पैसा आहे, त्याच्यापर्यंतच ती पोहोचते. दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी त्यासाठी पुन्हा उधार काढतो, नाही तर अर्जच करत नाही. म्हणजे सार्वजनिक पैशाने खासगी उपायांनाच बळ दिले, आणि तेही ज्यांचे उपाय आधीच सुरू होते त्यांच्या. पाण्याचा ताळेबंद गावाने मांडला खरा, पण त्या ताळेबंदानुसार कोणते पीक घ्यावे आणि किती उपसा करावा, हे ठरवण्याचा अधिकार गावाला मिळाला नाही.

जो जमिनीचा मालक नाही, त्याची अवस्था आणखी बिकट आहे. विदर्भात मक्त्याने जमीन कसणारे शेतकरी बरेच आहेत. त्यांचे करार बहुतांशी तोंडी असतात. सातबारा मालकाच्या नावावर आणि पेरणी, खत, फवारणी यांचा खर्च कसणाऱ्याच्या डोक्यावर अशी ही विभागणी आहे. एप्रिल २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आणि तोही जमिनीच्या नोंदीशीच जोडलेला आहे. परिणामी जोखीम घेणारा एक आणि भरपाई घेणारा दुसरा, ही जुनी विसंगती आता संगणकातही पक्की होत चालली आहे.

भरपाईचा लंबक

नुकसान झाल्यावर हात देणे हाही अनुकूलनाचाच भाग आहे. त्यातही स्थैर्य दिसत नाही. २०२२ च्या अतिवृष्टीनंतर राज्याने कोरडवाहू पिकांसाठी हेक्टरी १३,६०० रुपये आणि तीन हेक्टरांची मर्यादा जाहीर केली. केंद्राच्या आपत्ती निधीच्या निकषानुसार हा दर हेक्टरी ८,५०० रुपये आणि मर्यादा दोन हेक्टर आहे. कोणत्या वर्षी कोणता दर मिळणार हे संकटाची तीव्रता, राजकीय निकड आणि तिजोरीची स्थिती यांवर ठरते. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी, असा दंडक आहे. पण मंडळात अनेक गावे आणि पर्जन्यमापक एक. ढग एका गावावर फुटला आणि मापक दुसऱ्या गावात असला तर नोंद कोरडीच राहते. दहा दिवस संथ पडून पीक कुजवणारा पाऊस तर या व्याख्येत बसतच नव्हता. सततच्या पावसाला आपत्ती मानण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला, तो या अनुभवातूनच.

पीकविम्याचा प्रवासही असाच झाला. २०२३ च्या खरिपापासून एका रुपयात विमा मिळू लागला. बोगस अर्जांच्या तक्रारी वाढल्या आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत संपली. आता सोयाबीनसारख्या खरीप पिकांसाठी विमा रकमेच्या दोन टक्के, तर कापसासारख्या नगदी पिकासाठी पाच टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा आहे. त्याहून मोठा बदल म्हणजे स्थानिक आपत्ती, पेरणी न होणे, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीपश्चात नुकसान हे चारही आधार त्या हंगामापासून राज्याने वगळले आणि भरपाई पीककापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठेवली. नाल्याकाठचे तुमचे शेत वाहून गेले, पण मंडळाची सरासरी शाबूत राहिली, तर अशा व्यवस्थेत विमा लागू होत नाही. हवामानबदलाचा तडाखा दिवसेंदिवस अधिकाधिक स्थानिक होत असताना संरक्षण मात्र सरासरीवर बांधले गेले.

या बदलातून वाचणारा पैसा शेतीतील भांडवली गुंतवणुकीकडे वळवण्यासाठी राज्याने २०२५ मध्ये कृषी समृद्धी योजना जाहीर केली आणि वर्षाला पाच हजार कोटी रुपये खर्चाची ग्वाही दिली. हा पैसा कशावर खर्च होतो, याला म्हणूनच फार महत्त्व आहे. तो पुन्हा वैयक्तिक यंत्रे आणि संचांवरच गेला, तर विम्याचे छत्र काढून घेतलेल्या लहान शेतकऱ्याच्या हाती काहीच पडणार नाही.

मधली वाट

खासगी आणि सरकारी यांच्या मधली वाट कशी असते, हे या जिल्ह्याला बाहेरून शिकावे लागत नाही. आर्वी तालुक्यातील काकडदरा हे कोलाम आदिवासींचे छोटेसे गाव. २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत या गावाने ४५ दिवस श्रमदान केले आणि राज्यात पहिला क्रमांक व ५० लाख रुपयांचे पारितोषिक मिळवले. ज्या गावात बोअर घेण्याची ऐपत मोजक्यांचीही नव्हती, तेथे माथ्यावरचे समतल चर आणि उतारावरचे बांध कोणा एकाच्या नावावर नव्हते. एकट्याने ते होणे शक्यच नव्हते. सेलू तालुक्यातील तामसवाडा येथे नाल्याचे पुनरुज्जीवन करताना सुटे खोदकाम न करता वरपासून खालपर्यंत एकसंध प्रवाह म्हणून त्याचा विचार झाला आणि ते काम ‘तामसवाडा पॅटर्न’ म्हणून ओळखले गेले. कमलनयन जमनालाल बजाज फाउंडेशनसारख्या संस्थांनीही जिल्ह्यात नाले आणि लहान नद्यांवर कामे केली. या कामांचा लाभ दुहेरी आहे. खंड पडला तर विहिरींना पाझर मिळतो आणि अतिवृष्टी झाली तर पाण्याला जायला वाट मिळते.

अर्थात, या वाटेचे गोडवे गाऊन थांबणे योग्य नाही. स्पर्धा संपते, संस्थेचा निधी आटतो, श्रमदानाचा उत्साह ओसरतो आणि तीन पावसाळ्यांत चर गाळाने भरतात. त्यांची डागडुजी कोणाच्या अंदाजपत्रकात बसते? ग्रामपंचायतीकडे त्यासाठी पुरेसा पैसा नाही. कृषी, जलसंधारण आणि महसूल यांपैकी प्रत्येक खाते दुसऱ्याकडे पाहते. नव्या कामाचे भूमिपूजन होते, जुन्या कामाचा गाळ काढण्याला समारंभ नसतो. पाणी वाढले की वरच्या शेतातील मोटार आधी सुरू होते, हा दुसरा प्रश्न. अडवलेले पाणी वाटायचे कसे, याचा नियम गावाने केला नाही तर सामूहिक श्रमाचे फळ पुन्हा खासगी विहिरीतच जाते.

उन्हाला सातबारा नसतो

शेतीपलीकडेही ही दरी दिसते. एप्रिल-मे महिन्यांत वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, कधी त्याच्याही पुढे. घरी कुलर, दुकानात वातानुकूलन हा खासगी उपाय झाला. मजुरांनीही आपला उपाय शोधला आहे. ते पहाटे लवकर निघतात आणि दुपारपूर्वी परततात. त्यात मजुरी मात्र घटते. सेवाग्रामच्या आश्रमातील जाड मातीच्या भिंती आणि कवेलूंची छपरे आजही उन्हात थंडावा देतात. गावोगावची नवी घरकुले मात्र सिमेंटच्या स्लॅबची किंवा टिनाची झाली, ती दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता घरात सोडतात. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, नागपूरनेही नंतर तो मार्ग धरला. हे आराखडे प्रामुख्याने शहरांसाठी आहेत. कपाशीच्या शेतात निंदण करणाऱ्या बाईसाठी सावली, पाणी आणि दुपारची सुटी यांचा आराखडा अजून कागदावरही नीट उतरलेला नाही.

१९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली, हे येथे आठवते. संकटाचा भार ज्याच्या त्याच्या घरावर न टाकता तो सर्वांनी मिळून उचलण्याची ती कल्पना होती, आणि त्यातून गावाला तळी व बांध मिळाले. आजच्या योजनांत तो धागा विरळ झाला आहे.

म्हणूनच पुढच्या टप्प्यात प्राधान्यक्रम उलटा करावा लागेल. आधी नाला, निचरा आणि पाणलोट, त्यानंतर वैयक्तिक संच. नव्या कामाच्या मंजुरीबरोबरच पुढील दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद व्हायला हवी आणि ती ग्रामसभेच्या हाती असावी. पर्जन्यमापक प्रत्येक गावात हवा, म्हणजे मदत आणि विमा त्या गावाच्या पावसावर ठरेल. लहान शेतकऱ्याचा आधी करायचा खर्च बँकेने किंवा गटाने उचलण्याची सोय हवी. मक्त्याने कसणाऱ्याची नोंद मालकाच्या हक्काला धक्का न लावता घेता येईल, इतपत मार्ग महसूल खात्याला काढता येणे अशक्य नाही. आणि पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या गावाला बोअरची गाडी थांबवण्याचा अधिकारही मिळाला पाहिजे.

यांपैकी एकही गोष्ट शेतकरी एकट्याने करू शकत नाही. त्याने विहीर खोदून, पीक बदलून आणि कर्ज काढून आपला वाटा केव्हाच उचलला आहे. खालच्या शेताकडे जाणारा नाला मात्र अजूनही गाळाने भरलेला आहे, आणि पावसाळा दरवर्षी जूनमध्येच येतो.